टेस्ट म्हणजे मडकं

४ जानेवारी

होऊ घातलेल्या विहीणबाई यांस,

आधी नमस्कार आणि मग विनंती, असा पत्राचा रिवाज आहे. पण माझं घोडं विनंतीपाशीच अडलंय, तेव्हा नमस्कार शेवटी करतो.

मी मुलाचा बाप. शिड्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो, आता निवृत्त. मुलगा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. तुमची मुलगी इथल्या एका वर्कशॉपमध्ये दातांवर बसवायच्या कॅप ओतते, आठवडाभर इथे खोली घेऊन राहते आणि रविवारी तुमच्याकडे येते, एवढी माहिती मिळाली. दोघांनी लग्नाचं ठरवलंय. लग्न करून जूनमध्ये दोघं तिसऱ्याच गावी जाणार आहेत, कारण तिला तिथे मोठ्या वर्कशॉपमध्ये जागा मिळाली आहे. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही हो म्हणा, म्हणजे तारीख धरतो. तुम्ही हो म्हणेपर्यंत धरणार नाही. तो फार ऐकणारा आहे. त्याच्यात काही दोष असेल तर हाच.

आता माझी अडचण. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती बघून पास केली नाही. प्रत्येक शिडीच्या प्रत्येक पायरीवर उभं राहून उडी मारायची आणि मग शिक्का मारायचा, ही माझी पद्धत. कारखान्यात माझ्या उड्यांमुळे खालच्या मजल्यावरचे हिशेबनीस हैराण असायचे, पण मी कुणाच्या भिडेला पडलो नाही. हे तर माझ्या एकुलत्या एका मुलाचं लग्न. टेस्ट घेतल्याशिवाय मी हो कसं म्हणू?

तुमच्या मुलीविषयी शंका नाही. ती आली, चहा प्यायली, जाताना कप धुऊन ठेवला. पण दोन घरांचं नातं जुळतं आहे, त्या नात्याची काही तरी टेस्ट व्हायला हवी. कोणती, ते तुम्हीच सुचवा. राहिलेला नमस्कार स्वीकारावा.

मुलाचा बाप

*

१५ जानेवारी

मुलाच्या वडिलांना,

नमस्कार सुरुवातीलाच करून टाकते. पुढे माझा राग वाढत जाईल आणि मग राहून जाईल.

माझी मुलगी शिडी नाही. माझ्या घरावर कुणी उड्या मारलेल्या मला चालणार नाहीत. मी कुंभारकाम करते, भट्टी माझ्या नावावर आहे, कुंड्या, मडकी, सांडपाण्याचे नळ सगळं माझ्या हातचं जातं. आजवर कुणी शिक्का मागितला नाही.

तुमचं पत्र मी रविवारी मुलीला वाचून दाखवलं आणि विचारलं, ही टेस्ट टेस्ट काय लावलीय यांनी, म्हणजे नेमकं काय? ती हसत सुटली. तिच्या वर्कशॉपच्या मालकांना अशा गोष्टींचा नाद आहे. ते म्हणाले होते की इंग्रजीतला हा शब्द मुळात भांड्याचं नाव होता. मागे त्या लोकांच्या जुन्या भाषांमध्ये मातीच्या भांड्याला तसलंच काही तरी म्हणायचे. चांदी खरी की खोटी ते बघायचं, तर ती छोट्याशा भांड्यात शिसं घालून वितळवायची. त्या भांड्याचं नाव टेस्ट. पुढे भांडं मागे पडलं आणि नाव तेवढं परीक्षेला चिकटलं. असं आहे. म्हणजे तुम्ही माझ्याकडे इतकी पानं खर्चून मडकं मागताय. सरळ मागायचं होतं, मी कुंभारीणच आहे.

गुरुवारच्या टेम्पोने एक पाठवलं आहे. मध्यम आकाराचं आहे आणि पाणी गार राहतं. आता हो म्हणा. माझ्या मुलीनेही सांगून ठेवलंय, आपल्या दोघांच्या तोंडून हो आल्याशिवाय ती लग्नाला उभी राहणार नाही. माझा होकार तुमच्या होकारानंतर. पाहुण्यांच्या आधी आपण पानावर बसणं बरं दिसत नाही.

मुलीची आई

*

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

मडकं पोचलं. आभारी आहे. वाजवून पाहिलं, आवाज खणखणीत. पाणी भरून खिडकीत ठेवलं, थेंबभर झिरपलं, तेवढं चालायचंच. मग उलटं ठेवून त्यावर उभा राहिलो. पहिल्या उडीला फुटलं. नापास.

मात्र खापऱ्या गोळा करताना माझ्या लक्षात आलं की चूक माझी आहे. तुम्ही कळवल्याप्रमाणे मडकं म्हणजेच टेस्ट असेल, तर मी टेस्टचीच टेस्ट घेतली. एवढी वर्षं या खात्यात काढून असा घोटाळा माझ्या हातून व्हावा, याने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तपासायची वस्तू मडक्याच्या आत जायला हवी होती. आणि इथे तपासायचं आहे ते या दोघांचं नातं. म्हणजे दोघांनाही आत बसावं लागणार.

मी मुलाला मांडी घालायला लावून टेपने मोजला. सोबत आकडे पाठवतो. मुलीचे तुमच्याकडे असतील. दोघांना कोंबल्यासारखं होऊ नये, एवढं मोठं भांडं आपण करू शकाल का? मुलाने तारखेचं विचारलं. मी म्हटलं, अजून टेस्टच आली नाही.

मुलाचा बाप

*

२० फेब्रुवारी

व्याही,

म्हणजे अजून झाला नाहीत, पण दरवेळी ‘होऊ घातलेले’ लिहायचा मला कंटाळा आला.

मडक्यावर कोण उभं राहतं? माझ्या हयातीत मी असा माणूस पाहिला नाही. तुमचं पत्र वाचून मुलीने कपाळाला हात लावला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तुमचा मुलगाही तिच्याबरोबर आला होता. तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून मी त्याला माझ्या कारखान्यात खाली बसवून दोरीने पुन्हा मोजला. पोरगा मुकाट बसून राहिला, गुडघे हनुवटीला लावून. मग उठला, माझ्या माती मळायच्या यंत्राचा पट्टा करकरतो ते ऐकलं आणि न सांगता दुरुस्त करून दिला. मला आवडला. हे कळायला मला रांजण लागला नाही, पण तुमच्यापुढे कुणी डोकं फोडावं?

तर रांजण करते. दोन माणसं बसतील एवढा. मात्र असं भांडं चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचत वर जायचं, खालची वळी घट्ट झाल्याशिवाय वरची ठेवायची नाही. मग सावलीत वाळवायचं. घाई केली तर भट्टीत तडकतं आणि सगळं मुसळ केरात. एप्रिल उजाडेल. मुलगी म्हणाली, आई, जूनला रुजू व्हायचंय. मी म्हटलं, मातीला जून कळत नाही.

तुम्हाला घाई नाही ना? मलाही नाही.

मुलीची आई

*

२८ एप्रिल

विहीणबाई,

रांजण आला. टेम्पोवाल्याने मला नाही नाही ते ऐकवलं. दाराची चौकट काढावी लागली, सोफा गॅलरीत गेला, आणि आता बाहेरच्या खोलीत रांजण आहे आणि त्याच्या कडेने आम्ही आहोत. शेजारी विचारतात, हे कशासाठी? मी सांगतो, मुलाच्या लग्नासाठी. ते पुढे विचारत नाहीत.

परवा दोघांना आत बसवलं. मी बाहेर खुर्ची टाकून, पेन घेऊन बसलो. आतून आधी कुजबुज आली, मग हसू, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा हसू. कशाला हसतात ते कळेना. मी वाकून पाहिलं तर दोघं एकदम गप्प झाले. मग शिडी लावून बाहेर आले आणि सिनेमाला गेले.

निकाल लिहायला बसलो आणि हात थांबला. विहीणबाई, मी जन्मात कधी जमिनीवर उभा राहून शिडी पास केली नाही. मग रांजणाबाहेर बसून नातं कसं पास करू? तपासणारा आत हवा. म्हणून कालपासून मी स्वतः आत जायला लागलो आहे. सकाळी नऊला घरातली शिडी लावून उतरतो, दुपारी जेवायला बाहेर येतो, पुन्हा सहापर्यंत आत. हे पत्र आतूनच लिहितो आहे. उजेड वरून पडतो तो पत्रापुरता पुरतो. निवृत्तीनंतर मला पहिल्यांदाच कामावर असल्यासारखं वाटतंय.

निकालाला थोडा वेळ लागेल.

मुलाचा बाप

*

९ मे

व्याही,

बाहेर या.

मी तुमच्या पत्रावर हसले, मग पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही. पाणी कुठे मुरतंय ते कुंभारणीला कळतं. तुम्हाला टेस्ट नकोय, निकाल नकोय. निकाल लागला की तारीख लागेल, तारीख लागली की मुलगा जाईल, आणि मग त्या घरात तुम्ही आणि काढून ठेवलेली चौकट. म्हणून तुम्ही तपासताय आणि तपासतच राहणार. मुलगा ऐकणारा आहे, तो थांबेल. पण तिची जागा थांबणार नाही. जूनमध्ये ती रुजू झाली नाही तर दुसरी कुणी होईल.

हे मी तुम्हाला तोऱ्यात लिहिते आहे, पण माझाही हात स्वच्छ नाही. तो रांजण मार्चमध्येच वाळला असता. मी रोज त्यावर ओलं गोणपाट टाकत होते. हळू वाळावा म्हणून. रविवारी ती येते, चुलीजवळ बसून बडबडते, माझ्या कुंड्यांना नावं ठेवते. मला आणखी काही रविवार हवे होते. तुमच्या उड्यांच्या आड मी लपले, एवढंच. तुम्ही नसतात तर मी दुसरं काही शोधलं असतं.

तेव्हा दोघांनी मिळून हे पुरे करू या. तुम्ही आधी हो म्हणा, मी लगेच म्हणते.

मुलीची आई

*

१८ मे

विहीणबाई,

आपलं पत्र मिळालं. तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पहिल्या दोन्हीत मी तुमच्यावर चिडलो होतो, तिसऱ्यात मला रडू आलं. हे चौथं.

तुमचं खरं आहे. पण तुम्हाला एक सांगतो. रांजणात बोललं की आपलाच आवाज मोठा होऊन परत येतो. मी ‘पास’ म्हणून पाहिलं. तो असा काही अंगावर आला की मी पुन्हा म्हणायला धजलो नाही. शिड्यांना मी हा शब्द दिवसातून शंभरदा म्हणायचो. तेव्हा तो लाकडाला लागायचा.

दुसरी गोष्ट. मुलगा हल्ली काम घरी आणतो. मी आत असलो की तो बाहेर रांजणाला पाठ टेकून बसतो आणि यंत्र दुरुस्त करतो. त्याने चाक फिरवलं की मातीतून ती घरघर माझ्या पाठीला लागते. आम्ही बोलत नाही. पण तो असा माझ्याजवळ बसल्याचं मला त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर आठवत नाही. थोडे दिवस हे मला राहू द्या.

शिवाय तांत्रिक अडचणही आहे. आतल्या बाजूला, बुडाजवळ, केसासारखी एक रेघ दिसते. भेग असेल तर सगळी टेस्टच रद्द होईल. आपण स्वतः येऊन पाहावं, अशी विनंती.

मुलाचा बाप

*

२९ मे

प्रिय आई आणि बाबा,

तुम्ही दोघं एकाच पत्त्यावर असल्यामुळे एकच पत्र लिहिते. ते हातोडीला बांधून आत सोडते आहे. डोकी सांभाळा.

आई, तू सकाळी भेग बघायला म्हणून आलीस. आल्या आल्या म्हणालीस की भेग नाही, बोटाचा ठसा आहे. बाबा आतून म्हणाले, भेगच. तू म्हणालीस, माझा रांजण मला शिकवू नका, आणि शिडीवरून आत उतरलीस. उतरताना तुझा पाय लागून शिडी बाहेर पडली. तेव्हापासून तुमचं रांजणाच्या भाजणीवरून भांडण चाललं आहे. आम्ही तीन वेळा हाका मारल्या. पहिल्या हाकेला तू म्हणालीस, थांब गं. दुसऱ्या हाकेला बाबा म्हणाले, काम चालू आहे. तिसरी ऐकूच आली नाही.

म्हणून आम्ही दोघं कचेरीत गेलो आणि लग्न करून आलो. नोटीस मी एप्रिलमध्येच द्यायला लावली होती. माझे वर्कशॉपचे मालक साक्षीदार होते, आणि इथल्या खालच्या मजल्यावरचे काका-काकू. रांग नव्हती, लवकर झालं. परत आलो तरी तुम्ही भाजणीवरच होतात.

हा म्हणतो, रागावू नका असं लिही. मी ते लिहिणार नाही. रागवा. आम्ही जानेवारीपासून थांबलोय. सोमवारी मला रुजू व्हायचंय आणि आज चारची बस आहे. याने आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना न विचारता काही केलंय. मी विचारलं, पस्तावतोयस का? तो म्हणाला, नाही, पण बाबा एकदा हो म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आई, त्या शब्दाचं तू बाबांना अर्धंच सांगितलंस. मी तुला पुढचंही सांगितलं होतं. चांदीतलं हीण आणि शिसं त्या भांड्याच्या अंगात जिरतं, स्वच्छ चांदीचा मणी तेवढा वर राहतो. मणी उचलून न्यायचा. भांडं पुन्हा कामाचं नसतं, ते टाकून देतात. हे तू बाबांना का कळवलं नाहीस ते मला त्याच दिवशी समजलं होतं. पण ते मालकांच्या भट्टीजवळचं सांगणं झालं. आम्ही तुम्हाला टाकून चाललेलो नाही. मी रुजू झाले की तुम्हा दोघांसाठीही खोली बघतोय, जेव्हा याल तेव्हा या, भांडायचं तर तिथे येऊन भांडा.

शिडी बाहेरच आहे. मी मुद्दाम लावत नाही. लावली तर तुम्ही वर येऊन जेवाल आणि पुन्हा आत जाल. ही हातोडी. आई, तू कधी आपलं भांडं आपण फोडलं नाहीस, मला माहीत आहे. बाबा, तुम्ही पास केलेली गोष्ट मोडत नाही, हेही माहीत आहे. तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची मुलगी
(आणि तुमचा मुलगा, तो खाली सही करतोय)

*

३१ मे

चि. दोघांस,

आशीर्वाद आहेतच, ते मागायची वाट कुणी बघत नाही हे तुम्ही दाखवलंतच. हे पत्र मी लिहिते आहे. व्याह्यांचा घसा बसला आहे आणि बोटाला पट्टी आहे.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. रांजणात ते फारच मोठ्याने वाचलं गेलं. वाचून झालं तेव्हा बॅगा उचलल्याचा आवाज आला, जिन्यावर तुमची पावलं वाजली, मग तीही थांबली. हातोडी आमच्या मधे पडली होती. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि ते माझ्याकडे. ते म्हणाले, तुमचं भांडं आहे, तुम्ही मारा. मी म्हटलं, टेस्ट तुमची आहे, तुम्ही मारा. यावर पुन्हा वाद सुरू होणार, एवढ्यात ते म्हणाले, “माझा मुलगा माझ्या तोंडून एक शब्द ऐकायला पाच महिने थांबला. तो शब्द मी त्याला आजवर कधीच म्हटला नाही. तो शाळेत होता तेव्हासुद्धा नाही.”

मग मी मारली. भेग नव्हतीच, बोटाचा ठसा होता. चार घाव लागले. असा पक्का भाजलेला रांजण माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही. खापरीने त्यांचं बोट कापलं, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. चपला शोधल्या नाहीत, चौकट नसलेल्या दारातून तसेच पळाले. मी मागे. आमच्या दोघांच्या अंगावर मातीची भुकटी, रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. त्यांच्या वयाला ते एवढं पळतात हे मला ठाऊक नव्हतं.

बस स्टँडवर पोचलो तेव्हा तुमची बस मागे घेत होते. तुम्ही खिडकीत दिसलात. काच बंद होती. त्यांनी बसबरोबर धावत तोंडाशी हात धरून ओरडून काही तरी सांगितलं. माझ्या जावयाने काच उघडायची खटपट केली, ती अडकली होती. मग त्याने कानाला हात लावून मान हलवली, म्हणजे त्याला ऐकू गेलं नाही हे आम्हाला कळलं. बस वळली.

म्हणून हे पत्र. तुमचे बाबा ‘पास’ म्हणत होते. दोघंही पास. बस दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ म्हणत होते.

तुमची आई